एच-इंडेक्स चारच आहे म्हणून झोप उडवू नका, आधी माहेरचं आडनाव शोधा

पत्र (थोडं कापलंय, नाव-गाव काढलंय. या विषयात नवीन असाल तर, सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरांत आपल्या पेपरचा दिलेला संदर्भ, स्कोपस आणि गूगल स्कॉलर ही ते मोजणारी ठिकाणं, आणि एच-इंडेक्स हा पेपर आणि सायटेशन मिळून काढलेला एक आकडा, त्याचा हिशोब पुढे येतो):

"ताई नमस्कार. मी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनला असिस्टंट प्रोफेसर आहे. वय ३८, मुलगी दुसरीत. परवा अॅप्रेझलच्या फॉर्मात एच-इंडेक्स लिहायचा होता. स्कोपसवर ४ दिसला, गूगल स्कॉलरवर ६. माझ्याच बॅचचा मित्र दुसऱ्या कॉलेजात आहे, त्याचा १९, पेपर सत्तरच्या वर, आणि 'जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञां'मध्ये नाव आलं म्हणून त्याच्या कॉलेजने गेटवर फ्लेक्स लावला. माझे स्कोपसवर ९ पेपर, सायटेशन २१, ११, ६, ४, ३, ३, १, ०, ०. लग्नाआधीच्या दोन पेपरना १४ आणि ७ आहेत पण ते माहेरच्या आडनावाने, माझ्या नावावर दिसतच नाहीत. भोरकडच्या गावांतल्या सर्पदंशाच्या पेशंटचा डेटा माझ्याकडे पडून आहे, लिहायला घेतला तर एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात पहिलं नाव माझं, दुसरं तुझं. त्यात एक जण व्हॉट्सअॅपवर मागे लागलाय, स्कोपस गॅरंटीड, २१ दिवसांत, फर्स्ट ऑथर १८ हजार, सेकंड १२. नवरा म्हणतो देऊन टाक, सगळेच करतात. प्रमोशन अडलंय आणि मला स्वतःचीच लाज वाटायला लागलीय. काय करू?"

डॉक्टर, नमस्कार. नऊच्या नऊ पेपरचे आकडे तुम्ही तोंडपाठ असल्यासारखे लिहिलेत पण सर्पदंश सोडला तर एकही पेपर कशावर आहे हे पत्रात कुठेच नाही, ते जरा खटकलं. मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत बरीच वर्षं काढली, काउंटरच्या त्या बाजूला उभं राहून हाच प्रश्न विचारणारी माणसं खूप बघितलीत, बहुतेक वेळा मार्च महिन्यात, हातात अर्धा भरलेला फॉर्म घेऊन. तेव्हा लाजेचं बाजूला ठेवा, कामाचं बोलू.

आधी त्या १८ हजारांचं, कारण तेच अर्जंट आहे. देऊ नका. १८ नाही, ८ नाही, फुकट म्हणाला तरी नाही.

फर्स्ट ऑथर इतके, सेकंड ऑथर तितके असा रेट सांगणारा माणूस तुमचा पेपर छापून देत नाहीये, तो कुठेतरी आधीच तयार करून ठेवलेल्या पेपरवरची जागा विकतोय, बालगंधर्वला पुढची रांग एवढ्याला मागची तेवढ्याला तसं. त्या पेपरातला डेटा कुणाचा, पेशंट कुठले, एथिक्स कमिटीची परवानगी होती का, यातलं काहीही तुम्हाला माहीत नसणार आणि उद्या कुणी ईमेल करून रॉ डेटा मागितला तर तुम्ही काय पाठवणार? याला पेपर मिल म्हणतात आणि हा धंदा आता उघडा पडायला लागलाय, २०२३ या एका वर्षात हिंदावी या प्रकाशनाचे ८ हजारांहून जास्त पेपर मागे घेतले गेले, त्यांची मालक कंपनी वायली म्हणजे जुनी नावाजलेली कंपनी, तरी ही गत. आणि मागे घेतला म्हणजे गायब झाला असं नसतं हो, पेपर तिथेच राहतो, तुमच्या नावासकट, वर रिट्रॅक्टेड असा शिक्का मारून, शिवाय मागे घेतलेल्या पेपरांचा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस सगळ्यांना फुकट बघता येतो. सिलेक्शन कमिटीतल्या एखाद्याने चहा पिता पिता फोनवर तुमचं नाव टाकलं की संपलं.

तो एजंट तुम्हाला 'यूजीसी केअर लिस्टेड', म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीतलं, असंही म्हणाला असेल, म्हणतातच. त्याला सांगा ती लिस्ट यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. गंमत म्हणजे हे सगळं प्रकरण आपल्या पुण्याशीच जोडलेलं आहे. यूजीसीची आधीची जी मान्यताप्राप्त जर्नलांची यादी होती त्यात विद्यापीठांनी सुचवलेली हजारो जर्नलं घुसली होती, त्यांची तपासणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या मंडळींनी केली, डॉ. भूषण पटवर्धन त्यात होते, आणि २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये छापून आलं की तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त जर्नलं दर्जाच्या कसोटीवर टिकत नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून एका झटक्यात काढून टाकली. ज्यांनी त्यात पैसे भरून पेपर छापले होते त्यांचं काय झालं असेल विचार करा, पैसे गेले ते गेलेच वर सीव्हीवर कायमचा डाग.

आणि 'स्कोपस गॅरंटीड' हे वाक्यच खोटं आहे, पेपर घ्यायचा की नाही हे रिव्ह्यूअरच्या मतावरून जर्नलचे संपादक ठरवतात, मधला माणूस गॅरंटी कशाची देतोय? पुढे कधी कुठल्याही जर्नलबद्दल शंका आली तर स्कोपसची सोर्स लिस्ट लॉगिन न करता उघडते, तिथे नाव नाही टाकायचं, आयएसएसएन म्हणजे जर्नलचा ओळख नंबर टाकायचा, कारण नावासारखी नावं पन्नास असतात, आणि आलेल्या ओळीत कव्हरेज कुठल्या सालापर्यंत आहे ते बघायचं. बरीच जर्नलं एकेकाळी स्कोपसमध्ये होती, मग काढून टाकली, पण वेबसाइटवर लोगो अजून झळकतोय. दुसरा प्रकार याहून बेक्कार, खऱ्या जर्नलची हुबेहूब नकली वेबसाइट काढतात, नाव तेच, आयएसएसएन तोच, पैसे भरायचं खातं फक्त वेगळं. म्हणून लिंक कुणी पाठवलेली वापरायची नाही, स्कोपसच्या किंवा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमधूनच जर्नलपर्यंत जायचं.

तुमच्या मिस्टरांना सांगा, सगळेच करतात हे खरं नाही, बरेच करतात एवढंच खरं आहे. आणि मुख्य म्हणजे तुम्हाला त्याची गरजच नाहीये, ते कसं ते आता सांगते.

तुम्ही लिहिलंय प्रमोशन अडलंय. कशामुळे अडलंय? नियम वाचलाय का? रागावू नका, पण दहातल्या आठ जणांनी वाचलेला नसतो, कॉरिडॉरमध्ये ऐकलेलं असतं. नॅशनल मेडिकल कमिशनचे २०२२ चे जे नियम आले त्यात असिस्टंटवरून असोसिएटला जायला चार वर्षांचा अनुभव आणि दोन पब्लिकेशन लागायची. दोन! तुमचे नऊ दिसतायत आणि दोन लपलेत. ते पेपर मूळ संशोधन, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, मेटा-अॅनालिसिस किंवा केस सिरीज असायला हवे होते, म्हणजे एका पेशंटची सुटी केस रिपोर्ट चालत नव्हती, आणि जर्नल मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, डीओएजे वगैरे ठरलेल्या इंडेक्समधलं लागायचं. लेखकांमध्ये पहिल्या तिघांत किंवा कॉरस्पाँडिंग ऑथर (म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) असावं लागायचं. याशिवाय बायोमेडिकल रिसर्चचा तो ऑनलाइन बेसिक कोर्स आणि मेडिकल एज्युकेशनचा कोर्स, हे दोन्ही सर्टिफिकेट फाइलला आहेत ना बघा, कारण पेपर दहा असून कोर्सचं सर्टिफिकेट नाही म्हणून फाइल परत आलेले लोक मला माहीत आहेत. २०२५ मध्ये प्राध्यापकांच्या पात्रतेचे नवीन नियम आलेत तेव्हा एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये जाऊन चालू गॅझेटची प्रत मागा आणि स्वतः वाचा, कुणाला विचारत बसू नका. पण मुद्दा काय, २०२२ च्या त्या नियमांत एच-इंडेक्स हा शब्दसुद्धा नाही. इम्पॅक्ट फॅक्टरही नाही. अॅप्रेझलच्या फॉर्मातला तो रकाना तुमच्या कॉलेजने घातलाय, त्यांना रँकिंगसाठी हवा असतो म्हणून.

आता ते चार.

एच-इंडेक्स ही कल्पना २००५ मध्ये होर्हे हर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने काढली, डॉक्टरांसाठी नाही, त्याच्या स्वतःच्या विषयातल्या लोकांसाठी. हिशोब सोपा आहे, पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत जायचं, जिथपर्यंत पेपरचा नंबर सायटेशनच्या आकड्याएवढा किंवा कमी आहे तिथे थांबायचं. तुमचं बघा. पहिला २१, दुसरा ११, तिसरा ६, चौथा ४, इथपर्यंत ठीक, पाचव्याला पाच हवेत तर आहेत ३, म्हणून उत्तर ४. आता ह्याच यादीकडे जरा नीट बघा. तुमच्या त्या २१ वाल्या पेपरला उद्या जगभरातल्या लोकांनी डोक्यावर घेतलं आणि २,१०० सायटेशन झाली तरी तुमचा एच ४ च राहणार, हलणारच नाही. उलट चौथ्याला एक आणि पाचव्याला दोन अशी फक्त तीन सायटेशन कुठून आली की लगेच ५. तीन! आणि ती तीन तुम्ही स्वतःच्याच पुढच्या पेपरात स्वतःला सायट करून घालू शकता. म्हणजे जगभर गाजलेलं काम या आकड्याला दिसत नाही आणि घरच्या घरी केलेली तीन सायटेशन दिसतात. अशा आकड्यापायी तुम्हाला स्वतःची लाज वाटतेय. हर्शनेच त्या पेपरात म्हटलंय की एका आकड्यातून माणसाच्या कामाचा ढोबळ अंदाजापलीकडे काही कळणार नाही, पण फॉर्म छापणाऱ्यांनी तेवढा भाग वाचला नसावा.

बरं, आता आडनाव. हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. लग्नाआधीचे ते १४ आणि ७ वाले पेपर यादीत घाला. २१, १४, ११, ७, ६, ४, ३, ३, १, ०, ०. मोजा वरून. पाचव्याला ६ आहेत, झाला की एच ५! एक ओळ नवीन लिहिली नाहीत, एक रुपया दिला नाहीत. आणि आता सहाव्याला अजून दोन मिळाली की ६.

आपल्याकडे बायकांचं हे नेहमीचं दुखणं आहे, लग्न झालं की आडनाव बदलतं, कुणाचं नावही बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि कॉम्प्युटरला वाटतं ही दुसरीच बाई. स्कोपस दोन वेगळे प्रोफाइल करून ठेवतं. दुरुस्ती फुकट आहे, स्कोपसवर ऑथर फीडबॅक विझार्ड म्हणून आहे, त्यात दोन्ही प्रोफाइल निवडायचे, माझेच आहेत म्हणून एकत्र करा अशी विनंती टाकायची, काही दिवसांत होतं. हे करताना उलटंही तपासा, तुमच्या प्रोफाइलमध्ये दुसऱ्याच कुणाचे पेपर तर येऊन बसले नाहीत ना. 'कुलकर्णी एस' किंवा 'पाटील ए' असं टाकून बघा कधी, दातांच्या डॉक्टरपासून ऊस संशोधनापर्यंत सगळे एकाच रांगेत दिसतील. दुसऱ्याचे पेपर आपल्या नावावर दिसले तर काढून टाकायला सांगा, आकडा कमी झाला तरी. आणि ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढा, २०१२ पासून आहे, सोळा आकडी नंबर, फुकट, त्यात माहेरचं नाव 'या नावानेही ओळखतात' म्हणून टाकता येतं आणि पुढच्या प्रत्येक पेपरला तोच नंबर द्यायचा. गूगल स्कॉलरवर ६ आणि स्कोपसवर ४ हा फरक पण फार मनाला लावून घेऊ नका, गूगल थिसिस, प्रीप्रिंट, कॉन्फरन्सचे गोषवारे असं सगळं जमेल ते गोळा करतं, स्कोपस ठरलेल्या जर्नलांपुरतंच मोजतं, त्यामुळे गूगलचा आकडा बहुतेक सगळ्यांचाच फुगलेला असतो, तुमच्या मित्राचाही.

मित्राचं निघालंच आहे तर तेही बोलून टाकू. मी त्याच्यावर काही आरोप करत नाहीये, सत्तर पेपर प्रामाणिकपणे होऊ शकतात, मोठ्या टीममध्ये असला तर सहज होतात. पण तुम्ही त्याचे पेपर उघडून बघितलेत का? किती ठिकाणी पहिला किंवा शेवटचा लेखक आहे, किती ठिकाणी पंचवीस नावांत सतरावा? ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजसारखे प्रकल्प असतात, त्यांच्या एकेका पेपरवर शेकडो लेखक, आणि त्या पेपरला हजारोंनी सायटेशन मिळतात कारण रोगाचं ओझं किती हे प्रत्येकाला आपल्या पेपरच्या पहिल्या परिच्छेदात लिहावंच लागतं. त्यात रीतसर काम करून नाव आलं तर काहीच गैर नाही, पण तो आकडा आणि तुम्ही भोरला जाऊन एकेका पेशंटच्या घरी बसून भरलेला फॉर्म यांची तुलना कशी करणार. आणि तो टॉप २ टक्केवाला फ्लेक्स! स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या डेटावरून दर वर्षी ही यादी काढतात, त्यात एक यादी पूर्ण कारकिर्दीची असते आणि एक फक्त एका वर्षाच्या सायटेशनची, जगभरातले लाखावर लोक असतात त्यात. चांगली मेहनतीने केलेली यादी आहे, सेल्फ-सायटेशन काढून काय दिसतं तेही दाखवते. पण तो पुरस्कार नाही, नॉमिनेशन नाही, कुणी कुणाला निवडलेलं नाही. आपल्या पुण्यात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो तसा हाही लागतो, त्यात भाऊ-दादांऐवजी डॉक्टर एवढंच.

इम्पॅक्ट फॅक्टरचंही एक सांगून ठेवते कारण एचओडी पुढे त्यावरून बोलतीलच. तो जर्नलचा असतो, तुमच्या पेपरचा नाही. मागच्या दोन वर्षांत त्या जर्नलने छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन मिळाली भागिले ते लेख किती, झालं. युजीन गारफिल्डने ही कल्पना काढली त्यात लायब्ररीवाल्यांना कुठली जर्नलं घ्यायची हे कळावं असा उपयोग होता, माणसं तोलायला नाही. कॅन्सरचं एक अमेरिकन जर्नल आहे, सीए नावाचं, २०२३ साली त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर ५०३ होता आणि लॅन्सेटचा शंभराच्या आत. म्हणजे ते लॅन्सेटच्या पाचपट भारी का? नाही हो, ते वर्षाला मोजकेच लेख छापतात आणि त्यातला एक कॅन्सरच्या आकडेवारीचा असतो जो जगातला प्रत्येक कॅन्सरवाला सायट करतो. इतकंच. सायटेशन म्हणजे कौतुक असंही नाही, वेकफिल्डचा १९९८ चा तो एमएमआर लस आणि ऑटिझमवाला लॅन्सेटमधला पेपर, २०१० मध्ये मागे घेतला, पण सायटेशन बघाल तर हजारोंत, लोक शिव्या घालायला सुद्धा सायट करतात.

आता तुमच्या सर्पदंशावर येते, मला खरं तर इथेच जास्त बोलायचं होतं.

सायटेशन कुणाला मिळतात? जिथे लिहिणारी माणसं जास्त तिथे. डायबेटिसवर काम करणारे जगात लाखो आहेत, भोर तालुक्यातल्या घोणस-मण्यारवर काम करणारे किती? म्हणून कमी आकडा येणारच, तो तुमच्या कामाचा दोष नाही, विषयावर लिहिणारेच कमी आहेत. डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव तुम्हाला मी सांगायला नको. महाडकडच्या भागात विंचूदंशाने माणसं, त्यातही पोरं, मरत होती, यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात पेशंटच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि १९८२ मध्ये लॅन्सेटला पेपर छापून आला, लाल विंचू चावल्यावर हृदयावर परिणाम होतोय हे आधी कुठल्या लक्षणांवरून ओळखायचं यावर. पुढे प्राझोसिन हे ब्लडप्रेशरचं साधं स्वस्त औषध त्यांनी वापरात आणलं. आणि मला त्यांचं सगळ्यात आवडतं ते हे की २०११ मध्ये बीएमजेत त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने जी ट्रायल छापली त्यात स्वतःच्याच प्राझोसिनला परीक्षेला बसवलं, नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन अधिक प्रतिविष, आणि दोन्ही मिळून दिलं तर पेशंट लवकर बरा होतो असं निघालं तर तसंच छापलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. एका छोट्या गावातून, एकाच प्रश्नाला चिकटून. विंचूदंशावर जगात किती लोक पेपर लिहितात? मग सायटेशनच्या तराजूत ते काम डायबेटिसवाल्यापुढे हलकंच दिसणार, पण कोकणातल्या कुठल्याही पीएचसीत विचारा.

दुसरं उदाहरण अगदी आपल्या रास्ता पेठेतलं. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ चा त्यांचा आणि जॉन युडकिन यांचा लॅन्सेटमधला लेख एकाच पानाचा आहे, दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो, दोघांचाही बीएमआय २२.३, खाली शरीरातली चरबी, युडकिनची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. बस. भारतीय माणूस दिसायला बारीक पण आतून चरबीवाला हे त्या एका पानात जगाला कळलं. पण ते पान काही हवेतून आलं नाही, पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायका, मग त्यांची मुलं, अशी वर्षानुवर्षं मोजणी चालू होती त्याच्या जोरावर आलं. ज्याला इम्पॅक्ट म्हणतात ना, तो हा असा येतो, एका प्रश्नापाशी दहा-वीस वर्षं बसून. तुमच्या नऊ पेपरांचे विषय तुम्ही लिहिले नाहीत त्यामागे मला शंका अशी येते की ते नऊ वेगवेगळ्या दिशांचे असतील, एक मोबाइलच्या वापरावर, एक हात धुण्यावर, एक एमबीबीएसच्या पोरांच्या ताणावर, पीजीचा जो विद्यार्थी जे घेऊन आला ते. असेल तर ते थांबवा. सर्पदंश धरा.

वेळही बरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. त्या आराखड्यावर काम करणाऱ्यांना नेमकं तुमच्याकडे जे आहे तेच लागणार, पेशंट आधी कुणाकडे गेला, गाडी कधी मिळाली, प्रतिविष किती तासांनी सुरू झालं. लिहिताना स्ट्रोबची चेकलिस्ट, म्हणजे अशा निरीक्षणाच्या अभ्यासांच्या पेपरात काय काय यायला हवं त्याची यादी, शेजारी ठेवा, रिव्ह्यूअरचे निम्मे प्रश्न आधीच संपतात. शीर्षकात सर्पदंश, ग्रामीण महाराष्ट्र आणि अभ्यास कुठल्या प्रकारचा हे तिन्ही येऊ द्या, 'अ स्टडी ऑफ' वगैरे नको, कारण लोक शीर्षकावरूनच शोधतात. आणि आत्ताच पाठवा, इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिन काय किंवा इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च काय, महिने जातात रिव्ह्यूत, २१ दिवस फक्त तुमच्या एजंटच्या कॅलेंडरात असतात. छापून आला की त्याची दोन पानी मराठी टिपण तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना नेऊन द्या. त्याचं सायटेशन कुठेच मोजलं जात नाही, तरी द्या.

राहिले एचओडी. इथे भांडण नको पण गप्पही बसू नका. पहिलं म्हणजे एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र काढा आणि त्यावर प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर (मुख्य संशोधक) म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. तुमचं असेल तर अर्धी लढाई तिथेच संपली. मेडिकल जर्नलांचे संपादक आयसीएमजेई या त्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या ज्या नियमांवर चालतात त्यात लेखक व्हायला चार अटी आहेत आणि चारही लागतात, अभ्यासाची आखणी किंवा डेटा गोळा करणं किंवा त्याचं विश्लेषण किंवा त्याचा अर्थ लावणं यात खरा हातभार, मजकूर लिहिणं किंवा त्यात भर घालून सुधारणं, छापायच्या मजकुराला मंजुरी, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेणं. विभागप्रमुख असणं ही पाचवी अट नाही, नुसती वरवरची देखरेख केली तर आभार मानायच्या परिच्छेदात नाव येतं. हे त्यांच्या तोंडावर फेकू नका. असं म्हणा, 'सर, मी पहिला ड्राफ्ट महिनाअखेर देते, डिस्कशनमध्ये तुमचा अनुभव हवाय, तुम्ही तो भाग लिहून दिलात तर ऑथरशिपचा फॉर्म भरताना कुणी काय केलं ते नीट लिहिता येईल.' आणि हे बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल करून टाका, 'आज ठरल्याप्रमाणे' असं सुरू करून. लिहून दिलं तर त्यांचं नाव योग्यच आहे, शेवटच्या जागी, आणि शेवटची जागा सीनियर माणसाची समजतात हेही त्यांना आवडेल असं सांगता येतं. लिहून दिलं नाही तर नाव आभारात. पहिलं नाव मात्र ज्याने गावं पालथी घातली आणि मजकूर लिहिला त्याचं, म्हणजे तुमचं, यावर हटू नका. अगदीच टोकाला गेलं तर एक लक्षात ठेवा, २०२२ च्या नियमांत प्रमोशनला पहिले तिघं चालत होते, चालू गॅझेटमध्येही तसंच असेल तर दुसऱ्या नावाने तुमची फाइल अडत नाही, म्हणजे घाबरून बोलायची गरज नाही, शांतपणे बोलता येईल. पेपर आधी पाठवून भांडण नंतर असं मात्र करू नका, एकदा छापून आला की नावांचा क्रम बदलणं फार किचकट असतं.

फॉर्मची तारीख जवळ असणार. स्कोपसचं प्रोफाइल एकत्र व्हायच्या आधी फॉर्म द्यावा लागला तर आत्ताचा ४ च लिहा, पुढे 'स्कोपस' आणि बघितल्याची तारीख टाका, आणि खाली दोन ओळी, पूर्वाश्रमीच्या आडनावाचे दोन पेपर जोडण्याची विनंती केली आहे, प्रत सोबत. विवाहनोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्सही लावा, कारण ते दोन पेपर तुमचेच कशावरून असं क्लार्क विचारणार म्हणजे विचारणारच.